कुंडलिकेचं पांढरं पाणी आणि दाभोळची खाडी, घरच्यांना घेऊन जायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की पुण्याहून चार दिवस काढून पाच जण निघणार, नवरा-बायको, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा आणि आई अडुसष्टच्या. एक दिवस नदीतले रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, राफ्टमधून करायचेत, मग कोकणातल्या एखाद्या शांत खाडीत बोट नांगरून रात्र बोटीवरच काढायची. जमेल का, कुठे, कधी, आणि काय काळजी घ्यायची.

जमेल. पण जसं डोक्यात आहे तसं नाही, थोडं फिरवून. मी आधी काही वर्षं कुंडलिका नदीवर कोलाडला राफ्टवर गाईड होतो आणि नंतरची सतरा-अठरा वर्षं दाभोळच्या खाडीत बोट चालवतोय, त्यामुळे दोन्ही पाण्यांवर फॅमिली घेऊन गेलेलो आहे, आणि एकदा एका फॅमिलीला घेऊन फसलेलोही आहे, ते खाली लिहितो. थोडं लांबेल उत्तर पण वाचा, कारण यातलं अर्धं कुठल्या पॅकेजच्या माहितीत मिळत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोकणातलं पाणी तुमच्या हॉटेलच्या चेक-इनवर चालत नाही. वर घाटाखाली ते पॉवर हाऊसच्या वेळेवर चालतं आणि खाली खाडीत चंद्राच्या. ही दोन घड्याळं जुळवली की मग जेवण, झोप, गाडी सगळं आपोआप बसतं. लोक उलटं करतात, आधी रूम बुक करतात, सुट्टी टाकतात आणि मग मला फोन करून विचारतात की शनिवारी दुपारी तीनला बोट मिळेल का, आणि शनिवारी दुपारी तीनला तिथे चिखल असतो.

आता कुंडलिका. आपल्या कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून धाडकन खाली येतात आणि लगेच समुद्राला मिळतात, पावसाळा संपला की वरचा भाग कोरडा दगडगोट्यांचा. मग कोलाडला डिसेंबर-जानेवारीतही राफ्टिंग कसं होतं? ते पाणी मुळात त्या नदीचं नाहीच. मुळशी धरणाचं पाणी घाटातून पाइपांनी जवळजवळ पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या पॉवर हाऊसला येतं, १९२७ पासून, आणि वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सुटतं. पूर्वेला जाणारं मुळेचं पाणी असं पश्चिमेला वळवलंय. याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांनी १९२१ ते २४ मुळशी सत्याग्रह केला होता. राफ्टमध्ये बसणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगायचो, ज्या पाण्यावर आपण मजा करतो ते कुठून आलंय आणि कोणाच्या शेतावरून आलंय हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

भिऱ्यातून आलेलं पाणी खाली रावळज्याला अडतं आणि तिथून सकाळी सोडतात. म्हणून राफ्टिंग सकाळीच असतं, साधारण साडेआठ ते दहाच्या मध्ये कधीतरी पाणी येतं आणि सगळ्या राफ्ट एकामागून एक निघतात. दुपारी आलात तर काही नाही, नदी पुन्हा गुडघाभर. आणि विजेची मागणी नसेल किंवा मशीन दुरुस्तीला असेल तर एखाद्या दिवशी पाणी सुटतच नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं, आणि कोलाडसाठी एक सकाळ हातात जादा ठेवायची. पुण्याहून ताम्हिणीतून शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे, लोक पहाटे चारला निघतात, झोप अर्धी, घाटात पोरांना मळमळ, आणि तसेच राफ्टमध्ये बसतात. हे करू नका, आदल्या रात्री पोचा.

रॅपिड साधारण बारा किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, दीड-दोन तास लागतात, ग्रेड दोन ते तीन. म्हणजे भिजणार, आपटणार, ओरडणार, पण नीट गाईड असेल तर कुटुंबाला झेपणारं पाणी आहे. फक्त तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला झेपणारं नाही. बहुतेक सगळे जण चौदा वर्षांखाली राफ्टमध्ये घेत नाहीत आणि कोणी "चालतंय हो, मध्ये बसवू" म्हणाला तर त्याच्याकडे जाऊच नका, कारण जो वयाचा नियम मोडतो तो उद्या राफ्टमधली माणसंही वाढवेल. नऊ वर्षांच्या पोराचं वजन बावीस-पंचवीस किलो असतं, राफ्ट लाटेवर चढली की मोठा माणूस सीटवरून वीतभर उडतो आणि हे पोर सरळ बाहेर जातं. मुलीला आणि तुम्हा दोघांपैकी एकाला राफ्टमध्ये पाठवा, दुसऱ्याने मुलाला आणि आईंना घेऊन खालच्या संथ डोहात कयाक करा. मुलगा रुसेल, रुसू दे, त्याला कयाकचं वल्हं स्वतःच्या हातात मिळालं की पाच मिनिटांत विसरतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

ऑपरेटर निवडताना किंमत बघू नका, जाकीट बघा. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ ला आलं, त्यात नोंदणी लागते, ती आहे का विचारा, विचारायला लाजायचं कारण नाही. मग जाकीट घालून घ्या, सगळे पट्टे आवळा, आणि तुमच्या मागे उभं राहून कोणाला तरी जाकिटाचे दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. जाकीट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार. लहान मुलाच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. पट्टा तुटलाय म्हणून दोरीने बांधून देतात काही ठिकाणी, तसं असेल तर पैसे परत मागून निघा. हेल्मेटची दोरी हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच सैल. मुलीचे केस लांब असतील तर वेणी घालून जाकिटाच्या आत.

आणि राफ्टमधून पडलं तर काय, हे गाईड सांगतो पण घाईत सांगतो, म्हणून घरीच पोरीला जमिनीवर झोपवून शिकवा. पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पायाचे अंगठे पाण्याच्या वर दिसले पाहिजेत, गुडघे थोडे वाकलेले. दगड आला तर पायाने ढकलायचा. सगळ्यात मोठी चूक काय होते तर पाणी कमरेएवढं वाटलं की माणूस उभा राहायला जातो, पाय दोन दगडांच्या बेचक्यात अडकतो आणि मागून येणारं पाणी त्याला पुढे पाडतं. पाय अडकलेला, तोंड पाण्यात, आणि पाणी कमरेएवढंच. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर उभं राहायचं नाही, काठाजवळ पोचलो, बूड दगडाला टेकलं, तरच उठायचं.

एक धोका असा आहे की तो धोका दिसतच नाही. बंधारा. कोलाडजवळ डोलवहालला आहे, आणि कोकणातल्या प्रत्येक नदीवर लहानमोठे आहेत. वरून येताना पाणी सपाट दिसतं, शांत, फक्त पुढे एक सरळ रेघ. खाली पडलेलं पाणी मात्र तिथल्या तिथे उलटं फिरत असतं. कधी बघायचं असेल तर काठावरून सुरक्षित उभं राहून एक नारळ टाका, तो पुढे जात नाही, बंधाऱ्याच्या पायाशी गोल गोल फिरत राहतो, दहा मिनिटं, वीस मिनिटं. माणूसही तसाच राहतो, चांगलं जाकीट असलं तरी. म्हणून खळाळणाऱ्या रॅपिडपेक्षा मला या सपाट रेघेची जास्त भीती वाटते, आणि स्वतःची कयाक घेऊन अनोळखी नदीत उतरणाऱ्या हौशी लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की आधी काठाने चालत जाऊन पुढे काय आहे ते बघून या. आणि आईंना घेऊन सकाळी पात्रात दगडावर डबा खायला बसू नका, कोरडं दिसतंय तिथे अर्ध्या तासात पाणी असतं.

नदी संपली. आता खाडी, आणि इथे मला जास्त बोलायचंय.

कोलाडहून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला या, तिथून फेरीबोटीत गाडी घालून बाणकोटची खाडी ओलांडा, ती सावित्री नदी, आणि वेश्वीला उतरून केळशी, आंजर्ले, दापोली करत दाभोळ. रस्ता वळणांचा आहे, एक अख्खा दिवस धरा, मध्ये वेळासला किंवा आंजर्ल्याला थांबा. वाटेत बाणकोट, खाली जयगड, विजयदुर्गची वाघोटण खाडी, देवबागजवळ कर्ली, सगळ्या सुंदर आहेत. विजयदुर्ग तर नांगर टाकायला इतकं सुरक्षित की आंग्र्यांचं आरमार तिथे असायचं आणि जवळ गिर्‍याला खडकात कोरलेली त्यांची गोदी अजून आहे. पण चार दिवसांत एवढ्या खाली जाऊ नका, गाडीतच ट्रिप संपेल. कर्लीचं मुख वाळूने सतत बदलतं, तिथे गर्दीही फार झालीये. तुमच्यासाठी दाभोळ.

दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी. तिच्यातही वर्षभर वरून पाणी येतं, कारण कोयनेचं पाणी वीज करून झालं की वाशिष्ठीतच सोडतात. म्हणजे तुम्ही कोलाडला जे पाहिलंत तेच इथे मोठ्या प्रमाणावर, घाटापलीकडचं पाणी अलीकडे. भरती आत थेट चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढते, चाळीसेक किलोमीटर. मुखाशी दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड, उत्तरेला दाभोळ गाव आणि धक्क्याजवळची जुनी मशीद. आत शिरलात की दोन्ही बाजूला कांदळवन, तिवर, चिप्पी, मध्ये मध्ये भाताची खाजणं, आणि एखाद्या वळणामागे गेलात की फेरीबोटीचा आवाजही बंद. खंड्या, बगळे, घारी तर दिसतातच, नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंब चिखलावर घसरगुंडी करताना दिसतं. मुखाशी सकाळी डॉल्फिन, आमच्याकडे त्याला गादा म्हणतात.

पोहायचं विचारलंत. आतल्या खाडीत नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत, पन्हाळेकाजीच्या लेण्यांजवळून येणाऱ्या कोटजाईतही आहेत. बोटीवर येत नाहीत, घाबरायचं काही नाही, चिखलावर ऊन खात पडलेल्या दिसतात आणि तो बघण्यासारखा प्राणी आहे. पण पोरांनी कडेला बसून हात-पाय पाण्यात सोडायचे नाहीत, आणि मासे साफ केलेलं पाणी नांगरलेल्या बोटीशेजारी टाकायचं नाही. पोहायचं तर समुद्रावर, गावकऱ्यांना विचारून.

आता चंद्राचं घड्याळ. आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या एक हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, तक्ता बघायचाच, पण मोबाइलला रेंज नसताना कालनिर्णय आणि पाऊणकी पुरते. भरती ते सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सव्वासहा तास धरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढही जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सगळं मंद. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, जसं दक्षिणेला याल तसं कमी, आमच्याकडे दोन-अडीच.

आणि पाणी सारख्या वेगाने उतरत नाही हे लक्षात घ्या. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, शेवटी एक. म्हणजे भरती होऊन दोन तास झाले तरी तुम्हाला वाटतं की पाणी आहे की अजून भरपूर, आणि पुढच्या दोन तासांत पायाखालची चटई ओढल्यासारखं अर्धं पाणी जातं. फसतात सगळे इथेच. मीही इथेच फसलो.

बोट घेतल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पौर्णिमा होती, पाच जणांचं कुटुंब, त्यात सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा. सव्वाअकराला भरती, आम्ही एका उपखाडीत आत जाऊन नांगर टाकला, जेवलो, सावली छान होती, लोक म्हणाले अजून अर्धा तास, मी म्हटलं बरं. दोनला निघालो आणि सव्वादोनला उपखाडीच्या तोंडाशी बोटीचं बूड चिखलात बसलं. वल्ह्याने रेटलं, इंजिन मागे टाकलं, मी स्वतः उतरून ढकललं, मांडीपर्यंत रुतलो. पंधरा मिनिटांत आजूबाजूला पाणीच नाही. हिशोब सोपा होता आणि भयंकर होता, भरतीनंतर तीन तासांनी बसलो म्हणजे पुढच्या भरतीच्या तीन तास आधी तरंगणार, रात्री पावणेनऊला. साडेसहा तास. बोटीवर प्यायचं पाणी दोन लिटर. किनारा पन्नास मीटरवर दिसत होता आणि आजोबा म्हणत होते मी चालत जातो, कोकणातलाच आहे मी. त्यांचा हात धरून बसवून ठेवावं लागलं, कारण त्या चिखलात माणूस मधेच अडकला तर ना पुढे येत ना मागे, आणि वर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या. मुलगी आधी रडली मग झोपली. अंधार पडल्यावर चंद्र उगवला आणि चिखलातून पाण्याची पहिली रेघ चमकत आली ती मला अजून दिसते. कोणाला काही झालं नाही. पण चूक पूर्ण माझी होती, लोक कितीही म्हणाले तरी निघायची वेळ तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने ठरवायची असते, पाहुण्यांनी नाही. तेव्हापासून बोटीवर माणशी तीन लिटर पाणी, चार घोंगड्या, टॉर्च आणि चुरमुऱ्याचा डबा असल्याशिवाय मी दोरी सोडत नाही, दोन तासांची फेरी असली तरी.

तर तुमचा दिवस असा लावा. डिसेंबर-जानेवारीतली त्रयोदशी बघा. तेरा पाऊण पावणेदहा. पावणेआठला धक्क्यावरून बसा, तेव्हा पाणी चढत असतं, ते तुम्हाला आत नेतं, इंजिन नुसतं गुणगुणत ठेवलं तरी चालतं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी काचेसारखं. दहाच्या सुमाराला वळणामागे नांगर टाका. आतल्या बाजूला भरती मुखापेक्षा उशिरा पूर्ण होते त्यामुळे तिथे पाणी अजून थोडं चढेल, मग थांबेल, आणि ती थांबलेली अर्धी-पाऊण घटका म्हणजेच तुम्हाला जी शांतता हवी आहे ती. इंजिन बंद करा, गाणी बंद करा. साडेअकराला काहीही झालं तरी नांगर उचला, उतरत्या पाण्याबरोबर साडेबाराला धक्का. तोपर्यंत अर्धं पाणी गेलेलं असेल पण पायऱ्या अजून बऱ्या असतात. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा भरतो, आणि बाहेर जाणारं पाणी व आत येणारा वारा मुखाशी भिडले की आखूड उभ्या लाटा उठतात, त्या छोट्या बोटीला फार त्रास देतात. आईंसाठी तर नकोच.

आईंचं वेगळं सांगतो, कारण बोटीत बसल्यावर म्हाताऱ्या माणसांना काही होत नाही, जे होतं ते चढताना-उतरताना. पूर्ण भरतीला बोटीची कड धक्क्याच्या बरोबरीने येते, पाऊल टाकलं की आत. सुकतीला तीच बोट दोन मीटर खाली, आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि कालवं. त्यामुळे ज्या घरात आजी आहेत त्या घराची वेळ भरतीच्या दोन-पावणेतीन तास अलीकडे-पलीकडेच बसली पाहिजे. चढताना आईंचा हात धरून ओढायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी कोपराखाली आधार द्यायचा, आईंनी स्वतः पाऊल टाकायचं आणि बोटीच्या मध्यावर टाकायचं, कडेवर नाही, एक जण आधीच बोटीत बसलेला हवा. चप्पल मागे पट्टा असलेली. सहावारी साडी चालते पण पदर खोचून, पंजाबी ड्रेस उत्तम.

नांगर नीट पडलाय का हे पाहुण्यांनीही बघावं असं मला वाटतं, त्यात कोणाचा अपमान नाही. समजा नांगर टाकताना खोली चार मीटर आहे आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याच्या वर एक मीटर, म्हणजे पाच, त्याच्या पाचपट, पंचवीस मीटर दोरी सोडायची. लोक सात-आठ मीटर सोडतात, मग नांगर रुतत नाही, नुसता टांगून राहतो. आणि उलट हिशोबही करायचा, पाणी अडीच मीटर उतरलं तर खाली दीड राहील, तेवढ्यात बोट तरंगते ना? दोरी ताणली गेली की किनाऱ्यावरचे दोन माड निवडा, एक पुढचा एक मागचा, एका रेषेत येणारे. दहा मिनिटांनी ते एका रेषेतच असतील तर नांगर धरलाय. सरकले असतील तर बोट वाहतीये. हे काम तुमच्या मुलाला द्या, नऊ वर्षांचं पोर माडांवर अशी नजर ठेवतं की तांडेलाला काळजी नको.

रात्र बोटीवर काढायची का? माझं मत, नको. या खाडीत रात्री राहण्यासारख्या बोटी फारशा नाहीत, जी मिळेल ती मच्छीमारीची किंवा फेरीची, तिला संडास नसतो, कठडा गुडघ्याएवढा, आणि झोपेतून उठलेलं पोर अंधारात कुठे पाऊल टाकेल सांगता येत नाही. शिवाय रात्री खाडीत बोक्शीची जाळी लावलेली असतात, खांब पाण्यात अर्धे बुडालेले, मच्छीमार भरती बघून मध्यरात्री निघतात, त्यांच्या वाटेत तुमची बिनदिव्याची बोट नको. धक्क्याजवळच्या एखाद्या घरात राहा. अंगणात बसलात तरी खाडी ऐकू येते, पाणी उतरताना चिखलातून बुडबुड्यांचा आवाज येतो, तो रात्रभर येतो. आणि हवंच असेल तर एका संध्याकाळी, भरती सहा-साडेसहाला असेल अशा तिथीला, म्हणजे अष्टमी-नवमीला, सूर्यास्त बोटीवर बघून लगेच परत या.

बोट ठरवताना तीन गोष्टी विचारा, मेरीटाईम बोर्डाचं लायसन्स, किती माणसांची परवानगी आहे, आणि तेवढी जाकिटं आहेत का. "खाडीत काय लागतंय जाकीट" असं म्हणणारा माणूस चांगला असेल, पण त्याच्या बोटीत बसू नका. डिझेल तीन वाटे, एक जाण्याचा, एक येण्याचा, एक न वापरण्याचा. फोन प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात. कोस्ट गार्डचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि ११२ आहेच, तिन्ही आईंच्या फोनमध्येही टाका.

हवामान. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात दुपारी गडगडाट होतो, मोकळ्या खाडीत वीज म्हणजे पळायला जागा नाही. जून-जुलैत तर विचारही नको, मासेमारी सुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली ती ऐन पावसाळ्यातच, आमच्या भागात जुनी माणसं अजून ती तारीख सांगतात. पावसाळ्यात कुंडलिका करा हवी तर, मोठ्यांनी, खाडी ठेवा थंडीसाठी. आणि एक, चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीत वाळू-गाळाची पुळणं बरीच हललीयेत, वरून गाळही काढलाय, त्यामुळे कोणी जुना नकाशा किंवा पुराआधीचा व्हिडिओ दाखवून "इथून जाता येतं" म्हणाला तर विश्वास ठेवू नका, रोज जाणाऱ्या मच्छीमाराला विचारा.

खायला भाकरी, सुकी चटणी, उकडलेली अंडी, खजूर. वडापाव-भजी बोटीवर नको, तेलकटाने मळमळ वाढते. मळमळणाऱ्याने मोबाइलकडे न बघता लांब डोंगराच्या रेषेकडे बघायचं, तोंडात आल्याचा तुकडा. कोकम सरबत घट्ट करून न्या, मीठ जास्त घालून. प्लॅस्टिक परत आणा, कांदळवनाच्या मुळांत अडकलेली वेफर्सची पाकिटं काढायला आम्हाला सुकतीत चिखलात उतरावं लागतं.

तुमच्या तारखा अजून ठरल्या नाहीत असं दिसतंय, तर आधी त्रयोदशी कुठल्या वारी येते ते बघा आणि त्याच्या आधीचे दोन दिवस कोलाड व रस्त्याला ठेवा. आणि आईंना पायऱ्या किती चढता येतात, गुडघ्याचं काही आहे का, तेवढं कळवा, त्यावरून कुठल्या धक्क्यावरून बसायचं ते सांगतो, कारण दाभोळला दोन्ही बाजूंच्या पायऱ्या सारख्या नाहीत.